मशीन बंद होतं त्या दिवसांचे रिपोर्ट

5 ऑगस्ट 2024, सोमवार

सकाळी एमडींनी बोलावून जर्मन ग्राहकाची प्रश्नावली हातात दिली. तिकडे पुरवठा साखळीचा नवा कायदा 1 जानेवारी 2023 पासून लागू झाला. आधी 3,000 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना, यंदापासून 1,000 वाल्यांनाही. माल पुरवणाऱ्याच्या दारात माणसांना कसं वागवलं जातं, याची चौकशी करणं आता त्यांना भाग आहे. म्हणून चाकणच्या आमच्या अ‍ॅल्युमिनियम कास्टिंगच्या कारखान्याला प्रश्न आले: कामगाराला नाव न सांगता तक्रार करता येते का? भेटवस्तूंचे नियम काय? कंत्राटी कामगाराच्या हातात पूर्ण पगार पडतो, हे कोण तपासतं?

"मॅडम, एथिक्सचं एक नीट मॅन्युअल करून टाका. कन्सल्टंट लागला तर घ्या," एमडी म्हणाले. घाईत होते, पण मनापासून बोलत होते.

मॅन्युअल आमच्याकडे आहे. बँकांचं कर्ज 50 कोटींच्या वर गेलं की कंपनी कायद्याच्या 177व्या कलमाप्रमाणे 'व्हिजिल मेकॅनिझम', म्हणजे गैरप्रकार कळवायची सोय, ठेवावी लागते. ती आम्ही ठेवली. बोर्डाचा ठराव झाला, वेबसाइटवर पान चढलं, तक्रारीसाठी ईमेलचा पत्ता दिला.

दुपारी आयटीतल्या मुलाला बसवून तो पत्ता उघडून घेतला. पासवर्ड ज्यांच्याकडे होता ते एचआर मॅनेजर केव्हाच नोकरी सोडून गेलेत. जाहिरातींच्या ढिगात एकच खरा मेल होता, मार्च 2021 चा. पगार झाला की कंत्राटदाराचा माणूस गेटबाहेर उभा राहतो आणि प्रत्येकाकडून 1,500 रुपये परत घेतो, असं लिहिलं होतं. शेवटी: "साहेब, माझं नाव कुणाला सांगू नका."

तीन वर्षांहून जास्त काळ हा मेल कुणी उघडला नाही. लिहिणारा मुलगा आता इथे कामाला नाही. मी मेल छापून घेतला आणि फाइलमध्ये पहिलं पान म्हणून लावला. काम इथून सुरू होईल, प्रश्नावलीपासून नाही.

8 ऑगस्ट, गुरुवार

अमेरिकेच्या एन्रॉन कंपनीचं आचारसंहितेचं पुस्तक पुन्हा चाळलं. जुलै 2000 ची आवृत्ती, 64 पानं, कंपनीचे प्रमुख केनेथ ले यांची प्रस्तावना. पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये कंपनीने दिवाळं काढलं. दाभोळच्या वीजप्रकल्पामुळे हे नाव आपल्या लोकांच्या तोंडी होतंच. 64 पानांत वाईट असं काही नाही. मला महत्त्वाची वाटते ती एक घटना: वित्तप्रमुख अँड्र्यू फास्टो यांना स्वतःच्या भागीदाऱ्यांमार्फत एन्रॉनशीच व्यवहार करायचे होते. आचारसंहिता आड येत होती. संचालक मंडळाने त्यांच्यापुरती ती बाजूला ठेवायला 1999 मध्ये रीतसर मंजुरी दिली. नियम चोरून मोडला नाही. बैठक घेऊन, इतिवृत्तात नोंदवून, बाजूला ठेवला.

आमच्या संहितेत मी हे कलम पहिलं घालणार: अपवाद करायचा असेल तर तो कुणासाठी, का आणि कुणी मंजूर केला, ते फलकावर लागेल.

14 ऑगस्ट, बुधवार

दोन रात्री तिसऱ्या शिफ्टला थांबले. रात्रपाळीला साहेब लोक नसतात, त्यामुळे माणसं मोकळी बोलतात. मी एकच प्रश्न विचारत होते: इथे चुकीचं काय चालतं, असं तुम्हाला वाटतं?

लाच, हितसंबंध, गोपनीय माहिती, असलं काही कुणी काढलं नाही. डाय कास्टिंगच्या ऑपरेटरने सांगितलं, ओव्हरटाइमचे तास कार्डवर एक आणि पगारपत्रकात दुसरे. फेटलिंगच्या, म्हणजे कास्टिंगच्या कडा साफ करणाऱ्या, बायकांनी सांगितलं, सुट्टी मागितली की सुपरवायझर घरची सगळी चौकशी करतो, आणि ती चौकशी त्यांना नको असते. एका ट्रेनीने विचारलं, "मॅडम, ट्रेनी म्हणून तीन वर्षं ठेवतात, हे कायद्यात बसतं का?" स्टोअरचे एक काका निवृत्तीला आलेत. ते म्हणाले, "भंगाराचा काटा बघा. एवढंच सांगतो." आणि उठून गेले.

गेटबाहेरच्या वसुलीबद्दल विचारलं तेव्हा सगळे गप्प. मग एक जण म्हणाला, "आता 2,000 घेतात."

पगार बँकेतून जातो, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. कंत्राटी कामगार कायदा 1970 सालचा आहे आणि त्याच्या 21व्या कलमात स्पष्ट लिहिलंय की कंत्राटदाराने कमी दिलं तर मूळ मालकाने भरून द्यायचं. खात्यात पूर्ण रक्कम दाखवून गेटबाहेर रोख परत घेण्याचा उद्योग हे कलम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे नसेलही, पण जबाबदारी आमची नाही असं म्हणायची हिंमत मला होत नाही. उद्या झेंडावंदनानंतर एमडींशी बोलायचं.

27 ऑगस्ट, मंगळवार

कंत्राटदाराला नोटीस गेली. त्याच्या माणसाला आवारात आणि गेटवर यायला बंदी केली. एमडींनी एक चांगलं केलं: वसुली झालेल्यांना ती रक्कम कंपनीने द्यायची आणि कंत्राटदाराच्या बिलातून कापायची, असं त्याच बैठकीत ठरवलं. पुरावा काय, असं अकाउंट्सने विचारलं. सांगतील त्यांचा शब्द धरायचा, एमडी म्हणाले. काही जण खोटं सांगून जास्त घेतील, हे मलाही दिसतं. तरी हाच निर्णय बरोबर आहे. ज्याच्याकडे पावती असणं शक्यच नाही त्याच्याकडे पावती मागणं म्हणजे त्याला परत पाठवणं.

संहितेचा मसुदा 42 पानांचा होता. आठ पानांचा केला. मराठी आणि हिंदी प्रती वेगळ्या बसून लिहिल्या. तत्त्वांची यादी काढून टाकली आणि प्रसंग घातले: पुरवठादाराने मुलीच्या लग्नाला आहेर पाठवला. मेव्हण्याच्या वर्कशॉपला काम द्यायचं आहे. साहेब म्हणाले आकडा भरून टाक, नंतर टेस्ट कर. प्रत्येक प्रसंगाखाली कुणाला विचारायचं ते पद आणि फोन.

10 सप्टेंबर, मंगळवार

कारखान्यात गणपती बसलेत. आरतीनंतर तक्रारपेटी कुठे लावायची यावर सुरक्षा अधिकाऱ्याशी बराच खल झाला. त्यांचं म्हणणं एचआरच्या दाराशी, म्हणजे कुणी छेडछाड करणार नाही. मी म्हटलं, तिथे कॅमेरा आहे आणि समोर तीन टेबलं. पेटीत चिठ्ठी टाकायला जाणाऱ्या माणसाला ती वाट चालताना कुणीही बघता कामा नये. शेवटी पिण्याच्या पाण्याच्या कूलरमागे एक, कॅन्टीनच्या हात धुण्याच्या जागेशी एक, बसथांब्याच्या शेडमध्ये एक. तिथला कॅमेरा वळवून घेतला.

किल्ली माझ्याकडे नाही, एचआरकडे नाही, एमडींकडे तर नाहीच. आमच्या कंपनीला ऑडिट कमिटी लागू नाही. अशा ठिकाणी बोर्डाने या कामासाठी एक संचालक नेमायचा असतो. आमचे नेमलेले संचालक निवृत्त बँक अधिकारी आहेत. सगळे त्यांना 'सर' म्हणतात. किल्ली त्यांच्याकडे, फोन नंबरही त्यांचा. तक्रार एमडींविरुद्ध असेल तर ती एमडींच्या हातून जाणार नाही, हे छापून लावलं.

स्त्रियांच्या लैंगिक छळाच्या तक्रारी या पेटीत आल्या तरी वाट वेगळी: 2013 च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समितीकडे. अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया, एक सदस्य बाहेरच्या संस्थेतला, चौकशी 90 दिवसांत. कंत्राटी बायकांनाही हा कायदा लागू आहे, हे फेटलिंगमध्ये कुणालाच माहीत नव्हतं. फेटलिंगच्या शेडमध्ये जाऊन, मशीन थांबवून, सांगितलं. मशीन थांबवायला प्रॉडक्शनने वीस मिनिटं दिली, त्याबद्दल त्यांचे आभार.

एवढा खटाटोप कशासाठी, असं फायनान्सच्या साहेबांनी विचारलं. फ्रॉड तपासनिसांची जागतिक संघटना दर दोन वर्षांनी अहवाल काढते. 2024 च्या अहवालात उघडकीला आलेल्या लबाड्यांपैकी 43 टक्के कुणीतरी खबर दिल्याने कळल्या, आणि खबर देणाऱ्यांत निम्म्याहून जास्त कंपनीचेच कर्मचारी. बाहेरच्या ऑडिटरने पकडल्या फक्त 3 टक्के. ऑडिटवर आपण किती खर्च करतो ते त्यांना ठाऊक आहे. त्यांनी पेट्यांचं बिल लगेच पास केलं.

24 सप्टेंबर, मंगळवार

दिवाळी महिन्यावर आली. खरेदी विभागात ड्रायफ्रूटचे बॉक्स, चांदीची नाणी, मिक्सर, सगळं घरपोच येतं. संहितेत एका ओळीत बंदी घालून मोकळं होता आलं असतं. पण भोसरीच्या तीन छोट्या पुरवठादारांकडे जाऊन बसले आणि विचारलं, तुम्ही का देता?

एकाने चहा दिला, दार लोटलं आणि सांगितलं. माल उतरतो, पण आवक नोंद होत नाही. नोंद झाली तर बिल पुढे सरकत नाही. बिल सरकलं तर पैसे द्यायच्या यादीत नाव येत नाही. "प्रत्येक टेबलावर कुणीतरी आहे, ताई. मला प्रेमाने द्यायचंय असं वाटतं का तुम्हाला? मला माझे पैसे हवेत."

यात मला आजवर न दिसलेली गोष्ट दिसली. आमच्याकडे महिन्याचे पैसे मर्यादित असतात, म्हणून कुणाला आधी द्यायचं हे अकाउंट्समधला एक माणूस ठरवतो. ही निवड हीच त्याच्याकडची विकाऊ वस्तू. माणूस बदलला तरी वस्तू तिथेच राहणार. शिवाय आयकर कायद्यात यंदापासून 43बी(एच) आलंय: सूक्ष्म-लघु उद्योगांचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि नसेल तर 15 दिवसांत दिलं नाही, तर तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिले त्या वर्षीच वजावटीला मिळतो. उशीर करणं आता आम्हालाच महाग.

मग असं ठरलं: माल गेटवर आला की नोंद तिथेच, 24 तासांत. बिलं तारखेच्या क्रमाने, क्रम सिस्टीम लावेल. क्रम मोडायचा तर फायनान्सच्या साहेबांची सही आणि कारण. पुरवठादाराला आपलं बिल कुठे आहे ते फोनवर दिसेल. हे झाल्यावर मग भेटवस्तूंचं पत्र काढलं. एकाही कर्मचाऱ्याच्या घरी काही पाठवू नये. कारखान्यात मिठाई आली तर ती कॅन्टीनमध्ये सगळ्यांत वाटली जाईल.

खरेदीप्रमुख नाराज आहेत. "देणाऱ्याचा मान राखायचा नाही का?" म्हणाले. ते भले गृहस्थ आहेत, त्यांच्या घरी काही ढीग पडलेला नाही. पण देणाऱ्याचा मान राखायचा तर त्याचे पैसे वेळेवर देऊन राखता येतो, असं मला ठामपणे वाटतं आणि ते मी त्यांना बोलले.

10 ऑक्टोबर, गुरुवार

काल रात्री रतन टाटा गेले. आज कारखान्यात दिवसभर तोच विषय. टाटांची आचारसंहिता 1998 ची, त्यांच्याच काळातली. मला मात्र 2001 आठवतं. टाटा फायनान्समध्ये गैरव्यवहार निघाले आणि ठेवीदार हादरले, तेव्हा ठेवीदारांचे पैसे बुडणार नाहीत अशी जबाबदारी टाटा सन्सने घेतली. माझ्या आत्याची तिथे छोटी ठेव होती. तिने संहिता कधी पाहिली नाही, तिला पैसे मिळाले.

19 ऑक्टोबर, शनिवार

सरांचा सकाळी फोन. कूलरमागच्या पेटीत चिठ्ठी, बॉल पेनने लिहिलेली: "एक्स-रे मशीन बंद होतं त्या दिवसांचे रिपोर्ट बघा."

बस, एवढंच.

22 ऑक्टोबर, मंगळवार

बघायला फार वेळ लागला नाही. मेंटेनन्सच्या रजिस्टरात नोंद आहे: सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एक्स-रे मशीनची ट्यूब गेली होती, पाच दिवस मशीन बंद. क्वालिटी लॅबच्या फाइलमध्ये त्याच पाच दिवसांचे रिपोर्ट आहेत, सगळे 'ओके'. पार्ट आहे ब्रेकच्या मास्टर सिलिंडरची बॉडी. एक्स-रे कशासाठी करतात तर कास्टिंगच्या पोटात हवेची पोकळी राहिली का ते बघायला. पोकळी राहिली तर मशीनिंगनंतर तिथून ब्रेक ऑइल झिरपू शकतं.

क्वालिटीप्रमुखांना दाखवलं. त्यांनी दोन्ही रजिस्टरं शेजारी ठेवली, तारखा बोटाने जुळवल्या आणि खुर्ची मागे सारली. त्यांना माहीत नव्हतं. मग त्यांनी जे केलं त्याने या माणसाबद्दलचा माझा आदर दुणावला. त्यांनी कुणाला ओरडण्याआधी गोदामात फोन लावला आणि त्या लॉटचा उरलेला माल लाल पट्टी लावून बाजूला काढायला सांगितला.

25 ऑक्टोबर, शुक्रवार

सर आणि मी लॅबच्या इंजिनिअरशी बोललो. पोरगं सव्वीस वर्षांचं, जुन्नरकडचं. काही लपवलं नाही. महिनाअखेर होती, डिस्पॅचचं टार्गेट अडलं होतं. प्लँटप्रमुख म्हणाले, लीक टेस्ट तर होतेच आहे, एक्स-रे मशीन आलं की मागून करून टाकू, रिपोर्टशिवाय गाडी निघणार नाही. त्याने एका ट्रेनीला जुन्या रिपोर्टवरून आकडे उतरवायला बसवलं. मशीन दुरुस्त झालं तेव्हा माल निघून गेलेला होता. "मागून" कधीच आलं नाही.

"तू नाही का म्हणाला नाहीस?" सरांनी विचारलं.

"सर, याआधी एकाने म्हटलं होतं. त्याची बदली पॅकिंगला झाली."

आम्ही ते तपासलं. खरं आहे. बदलीच्या पत्रात 'कामाची सोय' असं कारण आहे.

दाईहात्सुचं प्रकरण मागच्या डिसेंबरातलं. टोयोटाची ही उपकंपनी, सुरक्षा चाचण्यांत गैरप्रकार केले म्हणून 20 डिसेंबर 2023 ला सगळ्या मॉडेलांची डिलिव्हरी थांबवावी लागली. चौकशी समितीला 174 गैरप्रकार सापडले आणि समितीने मुख्य बोट ठेवलं ते अति घट्ट वेळापत्रकांवर. त्याआधी 2017 मध्ये कोबे स्टीलने अ‍ॅल्युमिनियम-तांब्याच्या मालाच्या ताकदीचे आकडे बदलल्याची कबुली दिली. ही जपानी माणसं आहेत, ज्यांच्या क्वालिटीच्या पद्धती आम्ही भिंतीवर लावतो. खोटा आकडा लिहिणारा हात बहुतेक वेळा चोराचा नसतो. तो गाडी वेळेवर निघावी म्हणून धडपडणाऱ्या माणसाचा असतो. म्हणूनच ते पकडणं अवघड आणि म्हणूनच वरून आलेला प्रत्येक टार्गेटचा आकडा तपासायला हवा.

29 ऑक्टोबर, धनत्रयोदशी

एमडींच्या केबिनमध्ये दोन तास. प्लँटप्रमुख, क्वालिटीप्रमुख, सर, मी.

प्लँटप्रमुखांचं म्हणणं: लीक टेस्टमध्ये सगळे पीस पास आहेत, ग्राहकाच्या लाइनवर तक्रार नाही, परत आलेला एकही पीस नाही. सांगून संकट ओढवून का घ्यायचं? शेड्यूल दुसऱ्याला गेलं तर दोन लाइन बंद पडतील, तीनशे माणसं घरी बसतील. हे शेवटचं वाक्य खोटं नव्हतं. मलाही त्याची भीती वाटत होती.

क्वालिटीप्रमुख शांतपणे म्हणाले, "ब्रेकचा पार्ट आहे, साहेब." पुन्हा तेच म्हणाले.

एमडींनी विचारलं, किती पीस ग्राहकाच्या गोदामात, किती गाड्यांत बसले. आकडे दिले. बहुतेक माल अजून गोदामात होता. त्यांनी तिथेच, आमच्यासमोर, ग्राहकाच्या पुरवठादार-गुणवत्ता प्रमुखांना फोन लावला. स्पीकरवर. "आमच्याकडून खोटे रिपोर्ट गेले आहेत," हे पहिलं वाक्य. कारणं नंतर सांगितली.

मी खूप बैठका पाहिल्या आहेत. असं पहिलं वाक्य कुठल्याही बैठकीत ऐकलं नव्हतं.

7 नोव्हेंबर, गुरुवार

दिवाळीच्या सुट्टीत क्वालिटीची सहा माणसं ग्राहकाच्या गोदामात बसून एक्स-रे काढत होती. काही पीस नाकारले गेले. गाड्यांत बसलेल्यांची यादी ग्राहकाकडे आहे आणि तपासणी ते करतायत. खर्च आमचा. नवीन पार्टचं काम सहा महिने मिळणार नाही. जुनं शेड्यूल राहिलं.

आता शिक्षेचा प्रश्न. एचआरने पहिला कागद आणला तो ट्रेनीला काढून टाकण्याचा. मी सही केली नाही. ज्याने आकडे उतरवले तो सर्वांत खाली, त्याला सर्वांत आधी आणि सर्वांत मोठी शिक्षा, हे सगळीकडे होतं. अमेरिकेत वेल्स फार्गो बँकेत एका ग्राहकाला आठ-आठ खाती-कार्डं विकायचं टार्गेट होतं. लोकांनी ग्राहकांना न विचारता लाखो खाती उघडली. 2016 मध्ये 18.5 कोटी डॉलर दंड झाला तेव्हा बँकेने सांगितलं की 5,300 कर्मचाऱ्यांना आम्ही काढलं आहे. एवढी माणसं एकाच प्रकारे चुकतात तेव्हा चूक त्यांना दिलेल्या आकड्यात असते. तिथल्या काही जणांनी तर सांगितलं की हॉटलाइनवर कळवल्यानंतर आपल्याला काढलं गेलं.

ठरलं ते असं. प्लँटप्रमुखांचा वर्षाचा इन्सेंटिव्ह रद्द, त्यांच्याकडून डिस्पॅचचा अधिकार काढला. इंजिनिअरला लेखी ताकीद, नोकरी कायम. ट्रेनीला काही नाही. पॅकिंगला पाठवलेल्या माणसाला लॅबमध्ये परत, पगारातल्या फरकासह. आणि इन्सेंटिव्हचं सूत्र बदललं. आजवर ते फक्त टनांवर होतं. आता रिपोर्ट रोखून गाडी थांबवली तर त्या महिन्याचं टार्गेट तेवढ्याने कमी धरलं जाईल. गाडी थांबवायचा अंतिम अधिकार क्वालिटीचा.

प्लँटप्रमुखांना काढायला हवं होतं, असं सरांचं मत. माझंही. एमडींनी ऐकलं नाही. वडिलांच्या काळापासूनचा माणूस आहे, म्हणाले. हे मला पटलेलं नाही. तसं मी इतिवृत्तात नोंदवायला लावलं आणि त्यांनी नोंदवू दिलं.

14 नोव्हेंबर, गुरुवार

सीमेन्सचं लाचप्रकरण निघालं तेव्हा 2007 च्या अखेरीला त्यांनी एक मुदत दिली होती: वरिष्ठ सोडून बाकी कर्मचाऱ्यांनी या काळात स्वतः येऊन सांगितलं तर नोकरी जाणार नाही. त्यामुळे चौकशीला माहिती मिळाली. शेवटी डिसेंबर 2008 पर्यंत अमेरिका आणि जर्मनीत मिळून सुमारे 1.6 अब्ज डॉलर भरावे लागले, पण कंपनी वाचली. आम्हीही दोन आठवड्यांची मुदत जाहीर केली.

लोक आले. गेजवर कॅलिब्रेशनचे स्टिकर न तपासता चिकटवलेले. आग विझवण्याच्या सिलिंडरच्या कार्डांवर महिन्याच्या सह्या एकाच दिवशी केलेल्या. भंगाराच्या काट्याचं स्टोअरच्या काकांनी स्वतःच येऊन सांगितलं, आकड्यांसकट. आणि संहितेच्या प्रशिक्षणाच्या हजेरीपत्रकावर तिसऱ्या शिफ्टच्या एका अख्ख्या लाइनच्या सह्या सुपरवायझरने केलेल्या. कारण प्रॉडक्शन चालू होतं. मी त्या लाइनचं प्रशिक्षण पुन्हा घेतलं, शिफ्टच्या वेळेत, पगारी.

27 नोव्हेंबर, बुधवार

आज सत्येंद्र दुबेंचा स्मृतिदिन. आयआयटी कानपूरचा इंजिनिअर, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणात. सुवर्ण चतुष्कोनाच्या कामातले घोटाळे त्यांनी 2002 मध्ये पंतप्रधान कार्यालयाला पत्राने कळवले आणि नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली. पत्र नावासकट कार्यालयांतून फिरलं. 27 नोव्हेंबर 2003 ला गयेत त्यांना गोळी घातली. त्यानंतर झालेला जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा 2014 मध्ये राष्ट्रपतींच्या सहीनंतरही अंमलात आलेला नाही, आणि आला तरी तो सरकारी कारभारापुरता. खासगी कंपनीतल्या माणसाला आधार तो कंपनीच्या स्वतःच्या नियमांचा.

हे आजच लिहायचं कारण, कॅन्टीनमध्ये चिठ्ठी कुणी टाकली यावर पैजा लागतायत असं कळलं. दुपारी दोन्ही शिफ्टच्या सुपरवायझरांना बोलावलं. शोध घेणं हा स्वतंत्र गुन्हा धरला जाईल, तो कुणीही घेतला तरी. एकाने विचारलं, कौतुक करायचं असेल तर? सर म्हणाले, "तेही करायचं नाही. त्याला कळू दे की आपल्याला माहीत नाही."

आम्हाला खरंच माहीत नाही. मला अंदाज आहे. तो मी इथेही लिहिणार नाही.

18 डिसेंबर, बुधवार

एका सरकारी परवान्याच्या नूतनीकरणासाठी आमच्या लायझनवाल्याचं बिल आलं. त्यात 'इतर खर्च' 60,000. पावती नाही. आधी अशी बिलं जात असत. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार आहे, शिवाय कंपनीसाठी दिली तर कंपनीही. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत कळवायचं असतं. बिल परत पाठवलं. लाचलुचपत प्रतिबंधक खात्याचा 1064 नंबर गेटवर लावला. परवाना रखडलाय. एमडी रोज विचारतात, पण बिल पास करा असं म्हणालेले नाहीत.

7 जानेवारी 2025, मंगळवार

2009 मध्ये याच तारखेला सत्यमच्या रामलिंग राजूंचं कबुलीचं पत्र आलं. 5,040 कोटींची रोख शिल्लक अस्तित्वातच नव्हती. उत्तम कारभाराचा पुरस्कार आदल्याच वर्षी मिळालेला. मी तेव्हा कंपनी सेक्रेटरीच्या परीक्षेचा अभ्यास करत होते, क्लासमध्ये त्या कंपनीचं नाव चांगलं उदाहरण म्हणून सांगितलं जायचं.

सरांनी आज दुसरी चिठ्ठी आणून दिली. बसथांब्याच्या पेटीतली, टाइप केलेली, दोन पानं, लॉरी पावत्यांच्या झेरॉक्ससह. डिस्पॅचची वाहतूक तीन वर्षं एकाच ट्रान्सपोर्टरकडे आहे, दर बाजारापेक्षा चढे आहेत, आणि त्या कंपनीत एमडींच्या सख्ख्या मेव्हण्याची भागीदारी आहे. मी कंपनी निबंधकांच्या नोंदी काढून पाहिल्या. भागीदारीचं खरं आहे. बोर्डासमोर ते कधी आलेलं नाही.

संध्याकाळी सर स्वतः एमडींकडे गेले. अर्ध्या तासाने मला बोलावलं. एमडींचा चेहरा उतरलेला होता. त्यांनी एक कागद पुढे केला, हाताने लिहिलेला: या चौकशीत मी बसणार नाही, खरेदी आणि डिस्पॅचच्या लोकांना मी याबद्दल काही विचारणार नाही, हवे ते कागद सरांना द्यावेत. खाली सही आणि तारीख. मी त्यावर आवक क्रमांक टाकला. दरांची तुलना करायला बाहेरचे ऑडिटर सोमवारी सकाळी 11 वाजता येतायत. तोपर्यंत तीन वर्षांच्या लॉरी पावत्या रेकॉर्ड रूममधून काढून सरांच्या कपाटात ठेवायच्या आहेत. स्टोअरच्या काकांना उद्या लवकर बोलावलंय.